तिसऱ्या दिवशीचा वास

पुतण्याच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते. नवरदेवाचा सूट, बूट, घड्याळ यांची वाटणी दादा-वहिनीनं घरात आधीच करून टाकली होती आणि आत्या म्हणून माझ्या वाट्याला ‘एखादं चांगलंसं सेंट’ आलं होतं. त्यासाठी बडोद्यात अलकापुरीतल्या मॉलमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीनं तीन-चार बाटल्या काढल्या, पांढऱ्या कागदी पट्ट्यांवर एकेक फवारा मारला, पट्ट्या हवेत हलवल्या आणि त्यातली एक माझ्या नाकाशी धरत म्हणाली, “बेन, आ वुडी छे. सिडरवुड. जेन्ट्समां बहु चाले छे.” आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी आलं, मग मिरी, आणि त्या दोघांच्या मागून, आतल्या खोलीतून कुणी हळूच पुढे यावं तसा तो वास आला. मी अर्धं पाऊल मागे सरले.

“बहु स्ट्राँग लाग्युं?” मुलीनं विचारलं. मी नाही म्हटलं, दुसरीच एक बाटली घेतली, पैसे दिले. ती पट्टी मात्र पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मांजलपूरला घरी पोचेपर्यंत रिक्षात डोक्यात एवढंच होतं की, हा वास कुणाचा हे मनाला कळायच्या आधी पाय मागे गेला होता. पन्नाशी उलटलेल्या बाईचा पाय. तो वास अंगावर वागवणारा माणूस जाऊन अकरा वर्षं झाली, आणि पायाला अजून तेराव्या वर्षीचंच पाठ होतं.

तेव्हा आम्ही दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या मागच्या अंगाच्या तीन खोल्यांत राहायचो. बाबा नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात डिस्टिलेशनवर होते. सुगंधी द्रव्यं आणि साबणवाल्यांना लागणारी तेलं तिथे शुद्ध व्हायची, आणि वर्षातले बरेच महिने ते तेल म्हणजे देवदाराचं तेल. पहिली पाळी सुटली की साडेचारच्या सुमाराला त्यांची लुना मागच्या बोळात फट्फट् करत यायची. बाबा कामावरून पुढच्या दारानं घरात शिरलेले मला आठवत नाहीत. मागच्या दारानं सरळ मोरीत. खाकी कपडे तिथेच उतरवायचे, ते वेगळ्या बादलीत धुण्याच्या सोड्यात भिजायचे. जस्ताची बादली होती ती, काठाखाली निळ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढलेली. आमच्या कपड्यांच्या बादलीशी गल्लत होऊ नये म्हणून. आईचा काटेकोरपणा सगळ्या वाड्याला ठाऊक होता, त्यामुळे त्या बादलीचं कुणाला नवल वाटलं नाही.

वास कसा होता ते सांगायला हवं, कारण ‘देवदार’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बर्फ, मंदिर आणि थंड वारा येतो. कच्च्या तेलाचा वास तसा नसतो. वरच्या थरात थोडा कापूर, थोडं टर्पेंटाइन. त्याखाली गोड, तेलकट, ओल्या लाकडाचं काहीतरी. आणि अगदी तळाशी गोठा. गोमूत्र शिंपडून सारवलेली जमीन वाळायला लागली की येतो ना, तसा उग्र ऊबदार दर्प. आंघोळीनं वरचा थर जायचा, गोठा राहायचा. घड्याळाच्या पट्ट्यात राहायचा, कानामागे राहायचा, पाकिटातल्या नोटांत राहायचा. शनिवारी बाबा मला दोन रुपयांची नोट द्यायचे. बर्फगोळ्याच्या गाडीवर ती देताना मी तिची अगदी बारीक घडी करायची, वास आतच राहावा म्हणून.

त्या कारखान्यात मी एकदाच गेले. दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची, कामगारांच्या घरच्यांना बोलावणं असायचं. नंदेसरीच्या हवेला तेव्हा एकच एक वास नव्हता. रस्त्याच्या दर वळणावर नवीन काहीतरी नाकात जायचं, कधी घशातही. पण आमच्या बाबांच्या शेडमध्ये शिरलं की बाकीचं सगळं बाहेर राहायचं. उंच स्टीलच्या कॉलमला झेंडूची माळ घातली होती, कंडेन्सरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. खाली ड्रम ओळीनं उभे. उत्तरेकडून, डोंगरातून ट्रकनं येणारे. बाबांनी एकाचं झाकण उघडून दाखवलं. आत गडद मधाच्या रंगाचं, दाट, संथ तेल होतं. त्या दिवशी त्यांच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, आणि मी त्यांना इतकं बोलताना घरी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. देवदाराचं तेल पानांत नसतं, फुलांत नसतं, ते असतं खोडाच्या गाभ्यात आणि त्याहून जास्त बुंध्यात नि मुळांत. झाड इमारतीसाठी जातं. मागे राहिलेला खुंट, मुळ्या, करवतीखालचा भुसा हे सगळं बारीक करून भांड्यात भरतात आणि खालून वाफ सोडतात. गुलाबाला घाईनं काढता येतं, लाकडाला नाही. लाकूड तासन् तास वाफ खातं तेव्हा कुठे आपलं तेल सोडतं. डोंगरातल्या भट्ट्यांवर एवढं झालं की ते कच्चं तेल बडोद्याला यायचं आणि इथे बाबा त्याला पुन्हा उकळायचे, पण व्हॅक्यूममध्ये. या तेलाचे रेणू जड. उघड्या हवेत ते अडीचशे अंशांच्या पुढे उकळतात, आणि तेवढ्या आचेवर वास करपतो. कॉलममधली हवा खेचून घेतली की तेच तेल दीडशेच्या आत उकळायला लागतं. “जाळून नाही काढायचं,” बाबा म्हणाले, “वरचा दाब काढून घ्यायचा. मग ते आपणहून येतं.” पहिला कट, म्हणजे आधी उतरणारा भाग, हलका आणि तिखट. तो बाजूला. मग मेन कट, फिकट सोनेरी. आणि शेवटी तळाला उरायचा तो काळा, डांबरासारखा बॉटम. कपड्यांना लागायचा तो हाच.

मेन कटमध्ये मुख्यतः जे असतं त्याला हिमाचलीन म्हणतात. पंधरा कार्बन आणि चोवीस हायड्रोजन. हिमाचलवरून हिमाचलीन, हे मला तेव्हा फार आवडलं. त्याच तेलात ॲटलांटोन नावाचंही द्रव्य असतं, ते मोरोक्को-अल्जीरियाच्या ॲटलास पर्वतावरून. तिथल्या देवदारात ते आधी सापडलं म्हणून. म्हणजे एका ड्रममध्ये दोन पर्वत. हिमाचलीनची रचना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उलगडली. रसायनशास्त्रज्ञ सुखदेव यांच्या गटाचा तो शोधनिबंध १९६८ सालचा. आणि हेच सुखदेव सत्तरच्या दशकात पुणे सोडून बडोद्याला आले, ते नंदेसरीतल्याच मालती-केम संशोधन केंद्रात. बाबांना याचा केवढा अभिमान! साधे बी.एस्सी. झालेले बाबा, लॉगबुकात तापमान नि दाब लिहिणारे. पण ज्यानं हे तेल आतून पाहिलं तो माणूस आपल्याच वसाहतीत बसतो, हे त्यांनी आम्हाला कितीदा सांगितलं असेल. जेवताना सांगायचे, पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे आणि आमटी वाढून घ्यायचे.

कारखान्यातून बाबा एकच वस्तू घरी आणत. टीपकागदाच्या बोटभर लांब पट्ट्या. टोकाला तेल बुडवलेलं, दुसऱ्या टोकाला पेन्सिलीनं तारीख आणि बॅचचा आकडा. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला कपड्यांचे चिमटे अडकवलेले असायचे आणि चिमट्यांत या पट्ट्या. एक तासानं हुंगायची, रात्री झोपण्याआधी हुंगायची, मग दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या. वही काढून दोन शब्द लिहायचे. “पहिल्या तासाचं काही ऐकायचं नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पहिल्या तासाला सगळीच तेलं बडबड करतात. तिसऱ्या दिवशी जे उरतं ते त्या तेलाचं खरं.

अत्तराच्या धंद्यात देवदाराला मागणी असते ती याच तिसऱ्या दिवसासाठी. लिंबू, संत्रं, लव्हेंडर ही सगळी हलक्या रेणूंची मंडळी. अंगावर आली की तास-दोन तासांत उडून जाणार. त्यांना धरून ठेवायला खाली जड, सावकाश उडणारं काहीतरी लागतं. पूर्वी आपल्याकडे हे काम चंदनाचं. कनौजची भट्टीतली अत्तरं चंदनाच्या तेलातच उतरवायची रीत होती. चंदन हाताबाहेर महाग झालं, आणि मोठ्या प्रमाणावर साबण, उदबत्त्या, पावडरी करणाऱ्यांना देवदार परवडला. मांडवात मेढ असते तसा तो असतो. लग्नाला आलेलं कुणी मेढ बघत नाही, बाटलीवर नाव गुलाबाचं नाहीतर मोगऱ्याचं. बाबांना याचं वाईट वाटायचं नाही. राग यायचा तो चंदनाच्या तेलात गुपचूप देवदार मिसळणाऱ्यांचा. मिसळलंय हे ते पट्टीवरून सांगायचे, आणि सांगताना आवाज चढायचा. चंदनाची फसवणूक होते याहून त्यांना सलायचं ते हे की देवदाराला खोटं नाव घेऊन जावं लागतं.

निवृत्तीनंतर आम्ही त्यांना मनालीला घेऊन गेलो. वीस-बावीस वर्षं देवदाराच्या तेलात काढलेल्या माणसानं देवदाराचं झाड कधी पाहिलं नव्हतं. ढुंगरीला हिडिंबा देवीचं देऊळ आहे, १५५३ सालचं, लाकडी, आणि त्याच्या चारी बाजूंना देवदारांचं वन. आत शिरलं की उजेड हिरवा होतो. दादा फोटो काढत होता, वहिनी मुलाला याकवर बसवत होती, आणि बाबा एका झाडापाशी गेले. तीन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं खोड. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, सालीच्या एका भेगेला नाक लावलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग दुसऱ्या झाडाशी. मग तिसऱ्या. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “काहीच नाही गं,” ते मला म्हणाले. “माती, शेवाळ, पाचोळा. झाडाचं काहीच नाही.”

मला कारण ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. तेल गाभ्यात असतं आणि उभ्या झाडाचा गाभा बंद असतो. पण ठाऊक असणं वेगळं. एवढ्या वर्षांची ओळख, आणि समोर आल्यावर समोरच्यानं ओळख दाखवू नये, असं काहीतरी त्यांना झालं असावं. आम्ही उतरणीच्या वाटेनं निघालो. वाटेत एका घराचं काम चाललं होतं, सुतार तुळई तासत होता. बाबा एकदम थांबले. वारा आमच्याकडे होता. ते रस्ता सोडून त्या अंगणात शिरले, सुताराला रामराम केला, खाली वाकून एक ढलपी उचलली आणि तिथेच, अनोळखी माणसाच्या अंगणात, लाकडाच्या ओंडक्यावर बसले. ढलपी पिवळसर तपकिरी, कडेला पांढरी. त्यांनी ती नाकाशी नेली, मग माझ्यापुढे केली. “बघ. मेन कट.” गोठा नव्हता त्यात, किंवा असलाच तर खूप खोल. मधासारखं, ऊबदार, कोरडं काहीतरी होतं. सुतार हसला. त्यानं आणखी दोन ढलप्या आणून दिल्या. बाबांनी त्याला विचारलं की झाड कुठलं, तोडलं की पडलं? पडलेलं होतं. त्यांना बरं वाटलं. गढवाल-कुमाऊंत हजार मीटरच्या वरची हिरवी झाडं व्यापारासाठी तोडायला १९८१ मध्ये बंदी आली होती, चिपकोच्या माणसांनी झाडांना मिठ्या मारल्या त्यानंतर. खुंट आणि मुळ्या यांच्यावर मग आणखी भिस्त वाढली. ड्रम उघडल्यावर कधी कधी मातीचा वास यायचा, बाबा म्हणाले, तेव्हा मला झाड दिसायचं. उपटलेलं.

त्या ढलप्या अजून आहेत. वास जवळजवळ गेला.

मी सायन्स फॅकल्टीत सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. पहिल्याच वर्षी सूक्ष्मदर्शकाच्या तासाला टेबलावर एक छोटी तपकिरी बाटली आली, काचेच्या काडीची. सिडरवुड ऑइल. सगळ्यात मोठं भिंग वापरायचं असेल तर भिंग आणि काच यांच्यामध्ये या तेलाचा एक थेंब टाकायचा. मधे हवा राहिली तर प्रकाश वाकतो. हे तेल प्रकाशाला जवळजवळ काचेइतकंच वाकवतं, त्यामुळे किरणांना आपण काचेतून बाहेर पडलो हे समजतच नाही. जर्मनीत येना इथे ॲबे नावाच्या शास्त्रज्ञानं १८७८ च्या सुमाराला ही युक्ती बसवली आणि त्यानंतर जंतू जास्त स्पष्ट दिसायला लागले. शेजारची मैत्रीण म्हणाली, “किती छान वास आहे ना, पेन्सिलीला टोक काढल्यासारखा.” मी हुंगलं. खरंच पेन्सिल. कोरडा, स्वच्छ, पेन्सिलीच्या सालपटांनी भरलेल्या कंपासपेटीचा. माझ्या घरचा नव्हता. आणि तरीही पोटात काहीतरी हललं, नावानं हाक मारल्यासारखं.

फरकाचं कारण बाबांनी त्या रात्री सांगितलं. अमेरिकेत ज्याला सीडर म्हणतात, व्हर्जिनियाचा किंवा टेक्ससचा, तो खरा देवदार नव्हे. ती ज्युनिपरची जात. खरे देवदार लेबनॉनचे, सायप्रसचे, ॲटलासचे आणि आपले. व्हर्जिनियाच्या तेलात सिड्रीन, सिड्रॉल; त्यातलं सिड्रॉल तर थंड झालं की साखरेसारखे खडे धरतं. पेन्सिली पूर्वी त्या लाकडाच्या व्हायच्या, म्हणून जगाच्या नाकात सीडर म्हणजे पेन्सिल. आपल्या शाळेतल्या पेन्सिलीचं लाकूड बहुधा काश्मीरचं पॉपलर, त्याला वासच नाही. “चुलत घराणं,” बाबा म्हणाले. “नाव एक लावतात. नातं लांबचं.” तास संपल्यावर भिंगावरचं तेल झायलीनच्या बोळ्यानं पुसावं लागतं. नाही पुसलं तर ते वाळून काचेवर घट्ट बसतं आणि भिंग कायमचं आंधळं होतं. तो बोळा फिरवायला मी कधी विसरले नाही.

आईच्या बाबतीत मात्र काही गोष्टी जुळत नव्हत्या, आणि मी त्या कधी एकापुढे एक ठेवल्या नाहीत. तिच्या लग्नाचा शालू आणि थंडीचे लोकरीचे कपडे ज्या पत्र्याच्या ट्रंकेत असत, तिच्या चार कोपऱ्यांत बाबांचे चार जुने रुमाल असायचे, तेलाचे. कसर लागत नाही म्हणून. दिवाळीनंतर ट्रंक उघडली की सगळ्या स्वेटरांना तो वास, आणि त्याबद्दल आई कधी बोलली नाही. वहिनी बाळंत झाली तेव्हा आईनं बाळंतकाढा घरीच उकळला. देवदार्वादि काढा, पुडीत सगळ्यात आधी ओळखू यायचे ते देवदाराचे तुकडे. पितळेच्या पातेल्यात पाणी आठव्या हिश्शावर येईपर्यंत घर भरून जायचं. त्या दिवसांत एकदा बाबा कामावरून आले, मागच्या दारात थबकले, आत हुंगलं आणि मोरीत न जाता तसेच खाकी कपड्यांत स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले. आईनं त्यांना चहा दिला. वास कुणाचा कुठला, सगळं एकच झालं होतं. पाळण्यात जे बाळ होतं त्याचंच आता लग्न.

आणि गॅदरिंग. हे मी इतकी पानं लांबणीवर टाकत आले.

सातवीत होते. वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस होतं, बक्षीस समारंभ संध्याकाळी पाच वाजता. बाबांची पाळी साडेतीनला सुटायची. घरी जाऊन येण्याइतका वेळ नव्हता, म्हणून ते सरळ आले. चौथ्या रांगेत कडेला बसले. मी स्टेजच्या बाजूला मुलींत उभी होते. हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि पंख्यांनी काम केलं. बाबांच्या पुढच्या बाईंनी पदर नाकाशी नेला, मग त्यांच्या शेजारच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. माझ्या मैत्रिणीनं नाक मुरडलं. “गोठ्यातून आलंय वाटतं कुणीतरी.”

“हो ना,” मी म्हटलं.

बाबांनी माझं भाषण ऐकलं, बक्षीस घेताना उभं राहून टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर ते मुख्य फाटकाशी थांबतील हे मला माहीत होतं. मी मैत्रिणींबरोबर बाजूच्या दारानं निघाले आणि चालत घरी आले. ते अर्ध्या-पाऊण तासानं पोचले, मागच्या बोळातून. हातात शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा होता. आंघोळ करून आले, पुडा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “छान बोललीस. शेवटचं वाक्य तेवढं घाईत म्हटलंस.” बाजूच्या दाराबद्दल काही नाही. तेव्हाही नाही, पुढे कधीच नाही.

मॉलमधली ती पट्टी मी घरी आल्यावर स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला चिमट्यानं लावली. का, ते मला सांगता आलं नसतं. वहिनीनं विचारलं तर “असू दे” म्हटलं. रात्री लिंबू गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मिरीची नुसती चाहूल. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू जायच्या आत पट्टी काढून हुंगली आणि जरा वेळ ओट्याशी उभी राहिले. उरलं होतं ते लाकूडच, त्यात शंका नव्हती. पण हे कोरडं होतं, स्वच्छ, सालपटांचं. मधही नाही, गोठाही नाही. चुलत घराणं. काउंटरपाशी माझा पाय मागे गेला तो बाबांच्या वासाला पाहून नव्हताच. दुरून त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या कुणाला तरी पाहून गेला होता.

आई टेबलाशी बसून मेथी निवडत होती. ऐंशी ओलांडली, डोळे गेले तसे, पण नाक शाबूत आहे. मी पट्टी तिच्या हातात दिली. तिनं हातातल्या काड्या खाली ठेवल्या, पदराला बोटं पुसली, पट्टी नाकाशी धरली. बराच वेळ.

“ह्यांचा नाही हा,” ती म्हणाली. “ह्यांचा ओला असायचा.”

मला हसू आलं, आणि मग ते विचारलं गेलं. “एवढा लक्षात आहे तुझ्या? तुला तर चालायचाच नाही. वेगळी बादली ठेवली होतीस.”

“मी?” आईनं माझ्याकडे पाहिलं. “मी कशाला ठेवीन? सुरुवातीची किती वर्षं एकाच बादलीत भिजवले मी सगळ्यांचे. सातवीत होतीस तू. गॅदरिंगहून आलीस ती रडतच आलीस. माझा युनिफॉर्म बाबांच्या कपड्यांत भिजवायचा नाही म्हणालीस, शाळेत वास येतो म्हणालीस. रात्री जेवली नाहीस, सकाळी नुसतं दूध. मग ह्यांनीच आणली बादली. रविवारी मंगळबाजारात जाऊन. पट्टासुद्धा ह्यांनीच ओढला, म्हणजे माझ्या हातून चुकून मिसळायला नको.” तिनं मेथी पुन्हा पुढ्यात ओढली. “मागच्या दारानं यायला लागले तेही तेव्हापासनंच.”

मी आठवायला गेले. रडल्याचं, जेवणावर बसले नाही त्याचं, एकाही रात्रीचं, एकाही वाक्याचं काही हाती येईना. चिक्कीचा पुडा आठवतो, त्यावरचा सुतळीचा दोरा आठवतो. ‘हो ना’ आठवतं. रडणं नाही. इतकी वर्षं ती बादली मी आईच्या नावावर मांडून ठेवली होती आणि आई ते न कळता वागवत होती.

“कुठे गेली ती बादली?” मी विचारलं.

“कुठे जाणार? गच्चीवर आहे. बूड गेलं तिचं. गवती चहा लावलाय त्यात.”

टेनामेंटच्या गच्चीवर मी रोज कपडे वाळत घालायला जाते. टाकीच्या सावलीला तुळस, कोरफड आणि गवती चहाचं ते माजलेलं बेट, त्याच्याखाली काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. पाती हातानं बाजूला केली. जस्त पांढरं पडलेलं, कडांना गंज. काठाखाली पट्टा होता. उन्हानं बराच खाल्लेला, तरी निळा म्हणता येईल इतका. मी बादलीभोवती वाकून गोल फिरले. एका जागी पट्टा दुहेरी झाला होता. सुरुवात केली तिथे ब्रश पूर्ण फिरून परत आला होता, पण दोन टोकं नीट जुळली नव्हती, एक दुसऱ्याच्या जरा वर गेलं होतं. त्या जागी रंग जाड होता आणि तिथे तो अजून चकाकत होता. मी तिथे बोट ठेवलं.

खालून आईची हाक आली, येताना चहाला चार पाती आण.